सोलोची घाई आणि गळ्याची साथ

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवाच आलं. गायकांच्या साथीची बोलावणी आता घ्यायची नाहीत, फक्त सोलो व्हायोलिन वाजवायचं, असं ठरवलं आहेस म्हणे. पहिलं उत्तर मी चिडून लिहिलं होतं. ते फाडलं. हे दुसरं.

आपल्या वाद्याला पडदे नाहीत. सतारीवर बोट कुठे ठेवायचं ते निदान दिसतं तरी. इथे नुसती काळी गुळगुळीत पट्टी. बोट केसभर सरकलं की गंधार दुसराच. मग तोडी रागातला गंधार कुठे आणि दरबारीतला कुठे, हे कळायचं कोणाकडून? गळ्याकडूनच. गजाननबुवा जोशी स्वतः ख्याल गात आणि व्हायोलिनही वाजवत. एन. राजम कर्नाटकी तालमीत तयार झाल्या होत्या, तरी त्यांनी ओंकारनाथ ठाकुरांकडे धडे घेतले आणि गायकी व्हायोलिनवर आणली. व्हायोलिनवादक डी. के. दातारांनी गायक द. वि. पलुसकरांची साथ केली. या तिघांचं वाजवणं पुन्हा ऐक, या वेळी गाणं ऐकतो तसं.

माझी एक फजिती सांगतो. पंचविशीत एका बुजुर्ग गायिकेच्या साथीला बसलो होतो. बागेश्रीचा विलंबित ख्याल. त्या मध्यमावर येऊन थांबल्या. मला ती जागा रिकामी वाटली आणि मी एक झकास तान भरली. लोकांनी दादही दिली. बाईंनी वळून पाहिलं नाही, पण पुढचा सगळा ख्याल त्या तबलजीकडे बघून गायल्या. आठवड्यानं ध्वनिमुद्रण ऐकलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तंबोरा मध्यमात लावलेला होता. त्या थांबल्याच नव्हत्या, आपला सूर तंबोऱ्यात विरताना ऐकत होत्या. मी त्यावर पाय दिला होता.

सोलोत हे कोण दाखवणार? तिथे मागे वळून न बघणारं कोणी नसतं.

तुझ्या मागच्या कार्यक्रमात उजवा हात खटकला, म्हणून लिहितो. डावा हात चांगलाच धावतो, पण बो, म्हणजे गज, फार वेळा बदलतेस. गायक एका दमात जेवढं म्हणतो तेवढं एका बोमध्ये बसलं पाहिजे. रोज सकाळी अर्धा तास फक्त मोकळी तार. एक बो, सावकाश, बुडापासून टोकापर्यंत. टोकाकडे आवाज पातळ होतो, तिथे तर्जनीचा भार किंचित वाढवायचा, खांदा मात्र उचलायचा नाही. कंटाळा येईल. येऊ दे.

साथीतल्या कटकटी मलाही माहीत आहेत. एकाच्या गाण्याची पट्टी, म्हणजे षड्ज, पेटीच्या काळी एकवर, दुसरीचा पांढरी पाचवर. तारा फार उतरवल्या की घरघरतात, फार चढवल्या की ऐन मैफलीत तुटतात. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, कोरड्या हवेत सरकतात. तारांचा जादा संच जवळ असू दे, आणि कलाकाराची पट्टी आदल्या दिवशी विचारून घे. हॉलवर पोचून विचारणं हा निव्वळ आळस. तसंही ख्यालाच्या साथीला हल्ली बहुतेक पेटीच असते. जे थोडे गायक अजून व्हायोलिन मागतात, त्यांनाही आपण नाही म्हणायचं?

नोकरीचं विचारलं आहेस. सोडू नकोस, इतक्यात तरी नाही. आकाशवाणीची ऑडिशन जरूर दे. बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी असतात. पहिल्याच खेपेला काय मिळतं यावरून स्वतःला जोखू नकोस. शिकवण्या घेतल्या तर चार-पाचच घे. जास्त घेतल्या की स्वतःचा रियाज विद्यार्थ्यांच्या चुका दुरुस्त करण्यातच जातो. मी ते दहा वर्षं करून बसलो आहे.

पुढच्या महिन्यातलं ते साथीचं बोलावणं अजून नाकारलं नसशील, तर त्यांना होकार कळव आणि रविवारी इकडे ये. व्हायोलिन आणलं नाहीस तरी चालेल, माझं आहे. तुझा बो मात्र आण. त्याचे केस कधी बदलले होतेस, ते मला बघायचं आहे.

तुझा,
काका