चांगलं गृहीतक कसं असतं? तुमच्याच सोयाबीनच्या वाक्यावरून सांगतो

तुमचा प्रश्न असा आहे: सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, ‘रुंद वरंबा सरी पद्धतीने सोयाबीनचे उत्पादन वाढते’ असं गृहीतक लिहिलं, मार्गदर्शकांनी ‘फार ढोबळ आहे’ म्हणून परत दिलं, मग चांगलं गृहीतक म्हणजे नेमकं काय? मी परभणी भागात कोरडवाहू पिकांवरच काम करतो, त्यामुळे तुमचंच वाक्य हाताशी घेतो. (रुंद वरंबा सरी म्हणजे रुंद, उंच वरंब्यावर पिकाच्या ओळी आणि दोन्ही बाजूंना सरी.)

ते वाक्य चुकीचं नाही. पण ते खोटं कधी ठरेल, हे त्यात कुठंच नाही. कशापेक्षा वाढतं? कोणत्या जमिनीत? उत्पादन घटलं तर ‘यंदा पाऊसच तसा होता’ म्हणून मोकळं होता येतं, आणि अशी पळवाट असेपर्यंत प्रयोगाला अर्थ नाही. विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी 1934 साली हीच कसोटी मांडली: जे खोटं ठरूच शकत नाही, ते विज्ञानाचं विधान नव्हे.

भूकंपाचं उदाहरण घ्या. ‘जमिनीच्या पोटात हालचाल झाली म्हणून भूकंप झाला’ हे किल्लारीला लागू, कोयनेलाही लागू. त्यातून शोधायला काहीच उरत नाही. याउलट, कोयनेचे धक्के जलाशयामुळे बसतात असं म्हटलं की लगेच दोन गोष्टी तपासता येतात: धक्के जलाशयाच्या परिसरातच हवेत, आणि पाण्याच्या पातळीबरोबर त्यांचं प्रमाण बदलायला हवं. 1967 च्या मोठ्या भूकंपानंतर अनेक वर्षांच्या नोंदींतून हेच तपासत गेले, म्हणून ते म्हणणं टिकलं.

तुमच्याही गृहीतकात कारण आलं पाहिजे. वरंब्यावर फायदा का व्हावा? पावसाचा खंड पडला की सरीत मुरलेली ओल पिकाला पुरते म्हणून. मग असं लिहा: ‘भारी काळ्या जमिनीत, फुलोरा ते शेंगा भरण्याच्या काळात 15 दिवसांहून मोठा खंड पडल्यास रुंद वरंबा सरीवरील सोयाबीनचे हेक्टरी उत्पादन सपाट पेरणीपेक्षा जास्त राहील.’ आता त्या कारणातूनच पुढची भाकितं निघतात. खंडाच्या काळात वरंब्याखालच्या मातीत ओलही जास्त निघाली पाहिजे, आणि पाऊस वेळेवर, बेताचा झाला तर दोन्ही पद्धतींतला फरक कमी व्हायला पाहिजे. उत्पादन वाढलं पण ओल सारखीच निघाली, तर तुमचं कारण पडलं. माझ्या मते गृहीतकाची खरी किंमत इथंच कळते.

मी मुद्दाम हेक्टरी उत्पादन म्हटलं, झाडामागे शेंगा नाही. सरीसाठी ओळ सोडली की हेक्टरी झाडं कमी होतात आणि उरलेल्यांना जागा जास्त मिळते. मोकळ्या जागेतलं सोयाबीन फांद्या जास्त करतं, त्यामुळे झाडामागे शेंगा तशाही वाढतात. त्याचं श्रेय तुम्ही ओलीला देऊन बसाल. म्हणून दोन्हीकडे वाण, पेरणीची तारीख आणि खत एकच ठेवा, उगवणीनंतर झाडं मोजा, आणि कोणत्या तुकड्यात कोणती पद्धत हे चिठ्ठ्या टाकून ठरवा.

‘दोन्ही पद्धतींत फरक नाही’ हे शून्य गृहीतकही लिहावं लागेल. संख्याशास्त्रीय चाचणी त्याचीच होते. त्यात अवघड काही नाही, पण ते एकटं लिहून भागत नाही.

हे सगळं पेरणीआधी, तारीख टाकून लिहा. आकडे आल्यावर गृहीतक बदलायचं नाही. नवीन काही सुचलं तर ते पुढच्या हंगामासाठी.

यंदा खंड पडलाच नाही तर? वर म्हटलेलं फरक कमी होण्याचं भाकीत तरी तपासता येईल. अतिवृष्टी झाली तर मात्र सरीतून पाण्याचा निचरा होऊन फायदा दिसू शकतो. ते कारण वेगळं, त्यासाठी वेगळं गृहीतक आत्ताच लिहून ठेवा. आणि पर्जन्यमापक प्रयोगाच्या प्लॉटवरच बसवा. महसूल मंडळाच्या पावसाच्या आकड्यावर जाऊ नका, आपल्याकडे एका शिवारात पाणी वाहतं आणि शेजारच्या शिवारात धूळ असते.