तंत्रज्ञान वापरून धक्का देणारी परफॉर्मन्स आर्ट (कलाकाराची प्रत्यक्ष कृती हीच कलाकृती असते ती कला) म्हणजे निव्वळ स्टंटबाजी असते का?

नाही, सरसकट तसं म्हणता येत नाही. यंत्र काढून घेतल्यावर कामच उरत नसेल, तर तो स्टंट नाही. वफा बिलाल या इराकी-अमेरिकी कलाकाराचं २००७ मधलं शिकागोतलं काम बघा. इराकमधल्या हवाई हल्ल्यात त्याचा भाऊ मारला गेला होता. तो महिनाभर गॅलरीतल्या एका खोलीत राहिला आणि त्याच्यावर रोखलेली पेंटबॉल बंदूक (रंगाच्या गोळ्या झाडणारी) इंटरनेटवरून कुणालाही चालवता येत होती. ६०,००० हून जास्त गोळ्या सुटल्या. काही अनोळखी लोकांनी मात्र आळीपाळीने बंदुकीचं तोंड दुसरीकडे वळवून धरलं! बातमीत नेमकं हेच गळतं, उरतो तो पिवळ्या रंगाने माखलेल्या खोलीचा फोटो. अर्थात, संमतीशिवाय लोकांचे चेहरे किंवा खासगी माहिती वापरणाऱ्या कामांवरचा राग रास्तच आहे.