दुसऱ्या चहाचा हिशेब

"मॅडम, मी नुसती जगतेय तरी पृथ्वीचं नुकसानच करतेय." गेल्या दोन-तीन वर्षांत हे वाक्य समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या जणांकडून मी ऐकलंय की त्यावर लिहायचं ठरवलं.

ही आयटीतली सत्तावीस वर्षांची मुलगी (ओळखीचे तपशील बदललेत). सोबत आलेली आईच आधी बोलली, "ही माझ्या चहावर नजर ठेवते हो!"

मुलीने वही पुढे केली. घरात कोणामुळे किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, याची. 'आई, चहा दुसऱ्यांदा गरम: ५ ग्रॅम.' 'आजी, गीझर: अर्धा किलो.' सुबक अक्षर, खाली लाल शाईत रोजची बेरीज.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी, म्हणजे 'असंच व्हायला हवं' या हट्टी विचारातून त्रास वाढतो असं मानणारी, त्यामुळे माझा कान आधी 'च' पकडतो. ती म्हणत होती, "कमी व्हायलाच हवं." पण लगेच वाद घातला नाही. तिसऱ्या भेटीत सहज विचारलं, "वही कधी सुरू केलीस?"

"दादाकडून आल्यावर. न्यू जर्सीहून."

"त्या विमानप्रवासाचे किती?"

"जाऊन-येऊन दोन टन तरी." ही नोंद वहीत कुठेच नव्हती.

"मग आईच्या दुसऱ्या चहातून ते फेडायला किती कप लागतील?"

तिने मोबाइलवर गणित केलं. "चार लाख." आधी हसली, मग रडायला लागली. आई उठून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी गप्प बसले. अशा वेळी गप्प बसायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेलीत.

वही कार्बनची नव्हतीच, अपराधाच्या हप्त्यांची होती. आणि हप्ते आई-आजी भरत होत्या. हे एकदा दिसलं की पुढचं काम सोपं.

मोजू नका, असं मी कुणालाच सांगत नाही. पण रोज नको, महिन्यातून एकदा, लाइट बिल येईल त्या दिवशी. विजेच्या एका युनिटला साधारण ०.७ किलो, पेट्रोलच्या लिटरला २.३ किलो, १४.२ किलोच्या सिलिंडरला ४२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरा. विमानप्रवास वेगळा लिहा, तोही खरा लिहा. आणि दुसऱ्याच्या नावाने ओळ घालू नका. प्रत्येकाने आपापला कार्बन मोजायचे कॅल्क्युलेटर लोकप्रिय करण्यात दोन हजारच्या दशकात बीपी या तेलकंपनीचा मोठा हात होता. तेल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला हिशेबाला बसवलं, ही गंमत मी आवर्जून सांगते. छातीवरचं ओझं जरा हलतं.

आईला विचारलं, तुम्ही काही मोजता का? त्या म्हणाल्या, "छे! कालनिर्णयवर सिलिंडर लावल्याची तारीख लिहिते, तेवढंच." मुलगी बघतच राहिली. वर्षानुवर्षांची नोंद स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली होती.

गेल्या महिन्यात दोघी आल्या. वहीचं एकच पान भरलं होतं. आई म्हणाली, "या खेपेला सिलिंडर बावन्न दिवस गेला. डाळ-भात एकाच कुकरात लावते आता. चहा मात्र दोनदाच!"