वाडा पणजोबांच्या नावावर, करार चुलतभावाचा

प्रश्न : पुण्यात नारायण पेठेत आमचा दोनचौकी वाडा आहे. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अजून पणजोबांचंच नाव आहे. पणजोबा 1949 साली गेले, पणजी 1963 मध्ये, आजोबा 1978 मध्ये. आजोबांच्या दोन बहिणींची मुलं मुंबईला असतात. घरातले कागद पानशेतच्या पुरात गेले. वाड्यात राहणारा चुलतभाऊ म्हणतो की आजोबांनी तोंडी वाटणी करून वाडा त्याच्या वडिलांना दिला, आणि आत्याचं लग्न 1975 मध्ये झाल्यामुळे तिला हक्क नाही. पेशवाईतली मोडी सनदही तो दाखवतो. त्याने एका बिल्डरशी विकसन करारनामा केल्याचं कानावर आलंय. काय करावं?

उत्तर : सनद आधी बाजूला ठेवा. मोडी जाणकाराकडून वाचून जरूर घ्या, पण जागा मूळपुरुषाला मिळाली एवढंच त्यातून फार तर सिद्ध होईल. त्या मूळपुरुषाचे वंशज तुम्हीही आहात, आत्याही आहे.

पुरात गेल्या त्या तुमच्याकडच्या प्रती. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, सगळे फेरफार (नावं बदलल्याच्या नोंदी) आणि जुन्या चौकशी नोंदवहीचा उतारा, तिन्हींच्या सहीशिक्क्याच्या नकला काढा. पहिल्या मोजणीच्या वेळी जागा कोणाकडे आणि कशी आली होती हे चौकशी नोंदवहीत सापडतं, आणि बहुतेक पक्षकार नेमकं तेच मागायला विसरतात. दुय्यम निबंधकांकडे शोध घेतलात तर तो विकसन करारनामा नोंदवलाय का, तेही कळेल. पत्रिकेवर नाव आहे म्हणून कोणी मालक होत नाही, हे मात्र दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावं.

आता मुख्य मुद्दा, तुमची पणजी. 1937 च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या अशा मिळकतीत हिस्सा मिळाला, पण हयातीपुरता. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 ने तो पूर्ण मालकीचा झाला. पणजी त्यानंतर सात वर्षांनी गेली. तिने मृत्युपत्र केलं नसेल, तर तिचा हिस्सा मुलगा आणि मुली यांना सारखा गेला. म्हणजे आजोबांच्या बहिणींची मुंबईतली मुलंही वाड्यात हिस्सेदार आहेत. त्यांना पक्षकार केलं नाही तर तुमचा दावा तिथेच अडेल. तेव्हा वकिलाकडे जाण्याआधी वंशावळ काढा आणि प्रत्येक नावापुढे मृत्यूची तारीख लिहा. हिस्से त्या तारखांवर ठरतात.

आत्याच्या लग्नाचं साल आता गैरलागू आहे. वारसा कायद्यात मुलींना मुलांसारखा हक्क देणाऱ्या महाराष्ट्राच्या 1994 च्या दुरुस्तीत त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीत तशी अट नाही. विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी सांगितलं की मुलीचा हक्क जन्मतःच आहे, वडील 2005 मध्ये हयात असण्याचीही गरज नाही. तोंडी वाटणी सहजासहजी मानायची नाही, तिला सरकारी दस्तांचा भक्कम आधार हवा, हेही त्याच निकालात आहे. वाटणी खरी असती तर एव्हाना फेरफार झाला असता, निदान घरपट्टी तरी काकांच्या नावे निघाली असती. पत्रिकेवर अजून पणजोबाच आहेत!

चुलतभाऊ वर्षानुवर्षं एकटा राहतो म्हणून वाडा त्याचा होत नाही. एका सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांचा धरला जातो, जोवर त्याने इतरांचा हक्क उघडपणे नाकारलेला नाही. आता तो नाकारतोय, म्हणून वेळ घालवू नका.

स्वतःचा अविभक्त हिस्सा तो विकू शकतो, अख्खा वाडा नाही. राहत्या घराचा असा हिस्सा परक्याने घेतला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 मुळे त्याला कुटुंबाबरोबर संयुक्त ताबा मागता येत नाही, आणि त्याने वाटपाचा दावा लावलाच तर 1893 च्या वाटप कायद्याच्या कलम 4 खाली तो हिस्सा तुम्ही रास्त किमतीला विकत घेऊ शकता. बिल्डरच्या वकिलाला हे ठाऊक असतं. म्हणून पहिली नोटीस चुलतभावाबरोबर बिल्डरलाही पाठवा. निम्मी प्रकरणं तिथेच थंडावतात. नगर भूमापन कार्यालयात फेरफारावर आणि महापालिकेच्या बांधकाम विभागात परवानगीवर लेखी हरकत द्या, पोच घ्या. मग आत्याला बरोबर घेऊन दिवाणी न्यायालयात वाटप आणि मनाईचा दावा लावा, आणि दावा दाखल होताच त्याची लिस पेंडन्स नोटीस (मिळकतीवर दावा चालू असल्याची सूचना) दुय्यम निबंधकांकडे नोंदवा. ती न नोंदवल्यास मधल्या काळात वाडा घेणारा ‘आम्हाला दाव्याची कल्पना नव्हती’ म्हणायला मोकळा राहतो.