लिफ्ट केलेल्या जिप्सीचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट अडकतो, वेज टाकू का?

पुढच्या एक्सलला वेज, म्हणजे पाटा आणि एक्सल यांच्यामधली तिरकी पाचर, टाकू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमचा मेकॅनिक उद्याच एक्सल पाट्यांना आवळणारे यू-बोल्ट सोडायला बसेल.

तुमची अडचण अशी: जिप्सीचे पाटे एक्सलच्या वर घेतले, गाडी पाचेक इंच उचलली गेली, आणि आता फोर-व्हीलमध्ये पुढचं चाक खड्ड्यात लोंबलं की पुढच्या प्रोपेलर शाफ्टची, म्हणजे गिअरकडून एक्सलला जोर नेणाऱ्या दांड्याची, टकटक होते. मेकॅनिक म्हणतो, वेज टाकून पिनियनचं, म्हणजे शाफ्ट एक्सलला जिथे जोडतो त्याचं, तोंड वर करू. तुम्ही विचारताय की तेच करू, की डबल जॉइंटचा शाफ्ट बनवून घेऊ, आणि खर्च किती.

मला हाच सल्ला घरातून मिळाला होता. माझे भावोजी तीस वर्षं ट्रकच्या कामात आहेत, त्यांच्या हाताबद्दल मला आजही आदर आहे. पण गाडी उचलल्यावर एकाच पावसाळ्यात माझे तीन क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या सांध्यातले चौफुली तुकडे, गेले. तिसरा गेला मुरबाडच्या पुढे एका ओढ्यात. गाडी लो रेंजला, फर्स्ट गिअर, पुढची दोन्ही चाकं दगडावरून खाली उतरत होती आणि फाडकन आवाज आला. वाकून बघतो तर शाफ्टचं एक टोक पाण्यात लोंबतंय. मागच्या चाकांवर कसेबसे बाहेर निघालो. दर वेळी भावोजींचं एकच, "क्रॉस डुप्लिकेट होता, कुर्ल्याहून ओरिजिनल आण." आणला. तोही गेला.

मग एका रविवारी भांडुपला सोसायटीच्या पार्किंगमध्ये चॅसीखाली घोड्या लावल्या, पुढची चाकं पूर्ण लोंबू दिली, हब फ्री केले, म्हणजे पुढची चाकं शाफ्टपासून सोडवली, ट्रान्सफर (पुढच्या-मागच्या शाफ्टना जोर वाटणारी पेटी) न्यूट्रलला टाकला आणि शाफ्ट हाताने फिरवला. अर्ध्या फेरीत अडला. जोर दिला की टक्‌ करून पुढे, पुढच्या अर्ध्या फेरीत पुन्हा तेच. टॉर्च मारला. पिनियनकडचा योक, म्हणजे क्रॉस धरणारा दोन कानांचा चिमटा, ग्रीस आणि चिखलाने काळा झालेला, फक्त कानांच्या आतल्या कडेला नखाएवढे दोन डाग आरशासारखे चकचकीत. क्रॉस बिचारा चांगला होता. योकचे कान एकमेकांवर आपटत होते आणि मधला क्रॉस त्यांच्या टेकूने उचकटला जात होता. फोनवर कोन मोजला: गाडी जमिनीवर उभी असताना १९ अंश, चाकं लोंबल्यावर ३१. साधा जॉइंट एवढं वाकणं सहन करत नाही.

आकडे दाखवले तर भावोजी म्हणाले, "मग वेज टाक, पिनियन वर घे, विषय संपला." टाकले, सहा अंशांचे. शाफ्ट खरंच मोकळा फिरायला लागला. आणि त्याच आठवड्यात पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीच्या आसपास सत्तरच्या वेगाला गाडी लेनमध्ये राहीना. वळण संपलं तरी स्टिअरिंग आपणहून सरळ होईना, हाताने ओढून आणावं लागे. मागच्या सीटवर मुलगी, बाजूला पाण्याचा टँकर. घरी येऊन त्याच रात्री वेज काढले.

ट्रकच्या मागच्या एक्सलला वेज टाकतात ते बरोबरच आहे, तो एक्सल वळत नाही. पुढच्याला पिनियन आणि नकल (ज्यावर चाक वळतं तो सांधा) एकाच हाउसिंगवर असतात. पिनियनचं तोंड सहा अंश वर गेलं की कॅस्टर, म्हणजे चाक वळण्याच्या अक्षाचा मागे कललेला कोन, ज्याने स्टिअरिंग आपणहून सरळ येतं, तो सहा अंश कमी झाला. जिप्सीचा कॅस्टर मुळात तीन-चार अंशांचा, तो सरळ उणे झाला. हे मी भावोजींना कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, टायरची हवा बघ.

मी शेवटी केलं ते असं. आधी चेसिस आणि एक्सल यांच्यामध्ये पट्टे लावले, म्हणजे चाक ठरावीक खोलीच्या खाली लोंबतच नाही. योकच्या कानांची आपटणारी कड ग्राइंडरने दोन-अडीच मिलिमीटर घासली, त्याहून जास्त नाही. टकटक इथेच थांबली. कोन कायमचा सुधारायला पुढे हाउसिंगच्या टोकांचे नकलचे गोळे कापून, फिरवून परत वेल्ड करून घेतले: पिनियन वर, कॅस्टर जागच्या जागी. तुमचे पाट्यांचे नवे पाट, म्हणजे एक्सलवरच्या पाट्यांच्या बैठका, अजून नुसते टाचलेले असतील तर कोन आत्ताच मोजून घ्या. बहुतेक ठिकाणी ते नजरेनेच लावतात, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

डबल जॉइंट, म्हणजे एकाच टोकाला दोन क्रॉस, चांगला, पण तो ट्रान्सफरकडे बसतो आणि पिनियनचं तोंड थेट त्याच्या रोखाने लागतं. म्हणजे पिनियन आणखी वर, म्हणजे पुन्हा कॅस्टर. नकल फिरवायचे नसतील तर त्यावर पैसे घालू नका. साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टला दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवा. २० अंशांवर एक क्रॉस दर फेरीत दोनदा वेग सुमारे सहा टक्के कमी-जास्त करतो, दुसरा तेवढाच उलटा करून ते फेडतो. शाफ्ट उघडलात तर स्लायडिंगवर, म्हणजे शाफ्ट लांब-आखूड होतो त्या दात्यांच्या जोडावर, दोन्हीकडे खूण करा. एक दाता चुकला तरी ही फेड होत नाही. आणि चाकं लोंबलेली असताना स्लायडिंग किती बाहेर आलंय तेही बघा.

हब फ्री असताना, टू-व्हीलमध्ये हायवेला थरथर असेल तर ती पुढच्या शाफ्टची नाही, तो तेव्हा फिरतच नाही.

एक राहिलं. नकलचं वेल्डिंग फुटलं तर चाक सुटतं. प्रेशर पाइपचं काम केलेला वेल्डर मिळत नसेल तर नुसते पट्टे लावा आणि कमी लोंबण्यावर समाधान माना. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल रस्त्यावरच्या गाडीला चालत नाही, ते गृहीत धरूनच हात घाला.

खर्च वेल्डरवर आहे, आकडा मी सांगत नाही. उभ्या गाडीचा आणि लोंबत्या चाकांचा असे दोन्ही कोन आणि योकच्या कानांचा फोटो इथे टाका, मग डबल जॉइंटचं बोलू.