व्हॅनला स्कॅनरवर पी०४८० आणि पी०११८ हे दोन्ही बिघाडाचे कोड येतात. फॅन आणि सेन्सर नवे टाकूनही जात नाहीत. नक्की बिघाड कुठे असेल?

तुमची २०१३ ची पेट्रोल व्हॅन, इंजिन सीटखाली. यवतेश्वरचा घाट चढताना फॅन फिरत नाही, आणि सकाळी थंड इंजिनवर मात्र चावी लावली की भणाणतो, असं तुम्ही लिहिलंय. मी साताऱ्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. पावसाळा संपला की अशा व्हॅन माझ्याकडे येतातच. आता आणखी एकही पार्ट विकत घेऊ नका.

पी०४८० आला की लोक फॅनची मोटार बदलतात, पण तो कोड मोटारीबद्दल बोलतच नाही. फॅनचा जाड करंट रिलेतून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधून जातो. त्या रिलेची कॉइल ओढण्यासाठी ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, एका बारीक वायरवर अर्थिंग देतो. रिले बंद असताना त्या वायरवर कॉइलमधून आलेले १२ व्होल्ट दिसायला हवेत, चालू झाला की जवळपास शून्य. हे जुळलं नाही की पी०४८०. साध्या रिलेच्या गाडीत मोटार जाम झाली किंवा रिलेचे पॉइंट जळले, तर फॅन बंद पडेल पण हा कोड सहसा येणार नाही.

पी०११८ म्हणजे कुलंट सेन्सरची, इंजिनच्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची, वायर तुटल्यासारखी दिसते. या सेन्सरचा रेझिस्टन्स थंडीत जास्त असतो: २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, ८० ला तीनशेच्या आसपास. लाइन सुटली की स्कॅनरवर उणे ४० दिसतं. मग ईसीएमला खरं तापमानच कळत नाही, म्हणून सावधगिरी म्हणून तो फॅन लावून ठेवतो. सकाळच्या भणभणीचं कारण हेच. घाटात मात्र त्याचा हुकूम रिलेपर्यंत पोहोचत नाही. दोन वेगवेगळी सर्किटं आणि दोन्ही मधूनमधून तुटतात, तेव्हा मी आधी दोघांचा सामायिक कपलर (वायरी जोडणारा प्लग) शोधतो.

शाळेची मुलं नेणारी एक व्हॅन अशीच तीन गॅरेज फिरून आली होती. पुढच्या चाकामागचा कपलर उघडला तर पिना हिरव्यागार. चाकाचं पाणी वर्षानुवर्षं तिथे उडत होतं. त्या दोन्ही वायरी त्याच कपलरमधून जात होत्या. पिना नव्या दाबून बसवल्या, सील टाकलं, दोन्ही कोड गेले.

तपासताना इंजिन थंड ठेवा. रिले काढा. ३० नंबरच्या खोबणीत (बॅटरीचा पुरवठा) टेस्ट लॅम्प कायम पेटला पाहिजे. ३० आणि ८७ (फॅनकडे जाणारी) फ्यूज लावलेल्या जाड वायरीने जोडा. फॅन जोरात फिरला तर मोटार, तिचा फ्यूज आणि तिचं अर्थिंग ठीक. मग चावी लावून ८५ आणि ८६ (कॉइलची दोन टोकं) पैकी एकीवर १२ व्होल्ट येतात का बघा. येत असतील तर दुसऱ्या खोबणीपासून ईसीएमपर्यंतची वायर मोजा. सेन्सरचा कपलर काढून त्यातल्या दोन पिना तारेने जोडा आणि स्कॅनर बघा. उणे ४० वरून आकडा एकदम खूप वर गेला तर वायरिंग चांगलं, उणे ४० वरच राहिला तर वायर तुटलेली आहे. हे सगळं करताना वायरींचा बंच हलवत राहा, कारण तुमचा बिघाड हलल्यावरच दिसणारा आहे. सीएनजी किट बसवलेलं असेल तर बसवणाऱ्याने कापून टेप गुंडाळलेले जोड आधी उघडा.

कुणी म्हणेल, "फॅन डायरेक्ट करून टाकू, वर एक स्विच देऊ." करू नका. एक दिवस स्विच लावायचा राहतो, आणि इंजिनचं हेड वाकायला तेवढा एक दिवस पुरतो.

एक काळजी मात्र आजपासून घ्या. बऱ्याच गाड्यांत तापमानाच्या काट्याला आकडा याच सेन्सरकडून येतो, त्यामुळे पी०११८ असताना इंजिन उकळत असलं तरी काटा थंडच दाखवू शकतो. दुरुस्ती होईपर्यंत घाट टाळा. गाडीला हीटर असेल आणि वास आला किंवा ताकद कमी वाटली, तर हीटर फुल लावून गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका.

८५ आणि ८६ वर काय मिळालं ते इथेच लिहा, मग कोणती वायर धरायची ते सांगतो.