बायपासनंतर व्हेंटिलेटरचे आकडे रात्रभर का बदलतात?

तुम्ही विचारलंय, वडिलांची बायपास दुपारी झाली, मग रात्रभर कोणी ना कोणी येऊन व्हेंटिलेटरची सेटिंग बदलत होतं, म्हणजे तब्येत बिघडत होती का?

मी सोलापुरात हार्टच्या आयसीयूत सिस्टर आहे. बहुतेक वेळा उलटंच असतं, मशीन हळूहळू काढून घ्यायची तयारी चाललेली असते. ऑपरेशनमध्ये फुफ्फुसांचा काही भाग मिटतो, म्हणून आधी ऑक्सिजन जास्त ठेवतात. एबीजीचा, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन वगैरे मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट चांगला येत गेला की ६० टक्क्यांवरून ५०, मग ४०.

एका श्वासात किती हवा द्यायची, ते उंचीवर ठरतं. पोट सुटलं म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही! १६५ सेंमी उंचीच्या पुरुषाचं हिशोबाचं वजन साधारण ६१ किलो. किलोला ६ ते ८ मिली धरले, तर ३७० ते ४९० मिली.

खरी कसरत पीपची. श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात थोडा दाब राखतात, तो पीप. सहसा ५ असतो. वाढवला तर ऑक्सिजन सुधारतो, पण छातीतल्या दाबामुळे हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि बीपी पडू शकतो. म्हणून हात पीपच्या बटणावर आणि नजर बीपीवर. आमच्याकडे विडी ओढणारे पेशंट बरेच. त्यांना श्वास बाहेर टाकायला वेळ लागतो. रेट, म्हणजे मिनिटाला किती श्वास, वाढवला की हवा आतच अडकते, तिथे रेट कमीच बरा.

श्वासाची नळी काढण्याआधी ऑपरेशनमध्ये थंड पडलेलं अंग पुन्हा नेहमीसारखं गरम झालेलं, ड्रेनमधलं, म्हणजे छातीतून रक्त बाहेर काढणाऱ्या नळीतलं, रक्त कमी, बीपी स्थिर आणि पेशंट शुद्धीवर हवा. मग मशीनचा आधार अगदी कमी करून अर्धा तास स्वतःचा श्वास घेऊ देतात. एकदा एक विणकर आजोबा 'डोळे उघडा' म्हटलं तरी ढिम्म. भुलीचा अंमल असेल, असं आम्ही धरलं. सूनबाई येऊन म्हणाल्या, 'कळ्ळु तेरवंडि', आणि आजोबांनी टक्क डोळे उघडले! तेलुगू घरातला माणूस, अर्धवट शुद्धीत मराठी कुठून कळणार? तेव्हापासून घरी कोणती भाषा बोलतात, ते मी आधीच विचारून ठेवते.

पुष्कळांची नळी सहा तासांच्या आत निघते. वडिलांची अजून निघाली नसेल, तर राउंडला डॉक्टरांना नेमकं विचारा: शुद्ध, रक्तस्राव, बीपी की ऑक्सिजन, कशासाठी थांबलोय?